अज्जीची वही आणि टेकावरचा खांब

२०२३ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. रात्रीचे पावणेनऊ वाजले होते, बाहेर पावसाने नुसता धुमाकूळ घातलेला, आणि आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, टेकावरचं परत बंद पडलं. काय करू सांगा."

आता मी मराठी शिकवणारा माणूस. टेकावरचं बंद पडलं तर मी काय सांगणार? पण वर्गात कधी काळी आपण दोन ओळी समजावून दिलेल्या असतात, त्या जोरावर ही मुलं पुढे आयुष्यभर आपल्याला सगळं विचारत राहतात. आपल्यालाही ते सुखावतं, खोटं कशाला बोला.

हा मुलगा जांबोटीच्या पलीकडच्या वाड्या-वस्त्यांना बिनतारी इंटरनेट पुरवतो. पुण्यात चार वर्षं नोकरी करून २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी परतला. कॉलेजचे वर्ग तेव्हा ऑनलाइन सुरू झाले होते आणि खानापूरच्या पश्चिम भागातली आमची मुलं हजेरीच्या यादीतून एकेक करून गळत होती. कुणी झाडावर चढून, कुणी गुरांच्या मागे माळावर जाऊन रेंज शोधत होतं. ते पाहून त्याने एका परवानाधारक कंपनीशी भागीदारी केली आणि हा उद्योग सुरू केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या बऱ्याच लहरी परवानामुक्त केल्या, म्हणून असल्या छोट्या माणसांना हे करता येऊ लागलं. तारेची केबल जंगलातून नेणं अवघड. एक झाड पडलं की संपलं. त्यापेक्षा एका उंचवट्यावरून दुसऱ्या उंचवट्यावर ताटलीसारख्या अँटेनाने लहरी फेकायच्या आणि तिथून घराघरांत उतरवायच्या. दीड-पावणेदोनशे घरं त्याच्यावर अवलंबून आहेत. रेशनचं दुकान आहे, एक दवाखाना आहे, दूध संकलन केंद्र आहे.

आणि त्या रात्री एक मुलगी होती. बँक भरतीचा अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मुदतीच्या दिवशी ती संकेतस्थळं कशी गुदमरतात ते सर्वांना माहीत आहे, म्हणून तिला त्याच रात्री भरून टाकायचा होता. दिवसभर करंट नव्हता. मोबाइलचा टॉवरही दुपारीच गप्प झालेला. तिच्या वडिलांनी या मुलाला तीनदा गाठलं होतं.

"तुझ्याकडे दुसरी बॅटरी नाही का?" मला सुचला तो एवढाच प्रश्न.

"ओम्नीची आहे," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "बघतो सर," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढचं दुसऱ्या दिवशी कळलं. त्याने आपली ओम्नी टेकाच्या शेवटच्या वळणापर्यंत नेली, तिची बॅटरी काढली, मित्राच्या ट्रॅक्टरची दुसरी घेतली आणि तिघेजण वीस मिनिटं चिखलातून चढून वर गेले. दोघांकडे बॅटऱ्या, एकाकडे छत्री. छत्री माणसांवर नाही, बॅटऱ्यांवर! टेकावर तीन घरांची वस्ती आहे. त्यातल्या एका घराच्या परड्यात त्याचा चाळीस फुटी लोखंडी खांब उभा आहे. घरातल्या अज्जीने कंदील धरला. इन्व्हर्टरचा लाल दिवा लागलेला, आणि त्याखालच्या बॅटरीत साडेदहा व्होल्टसुद्धा उरलेले नव्हते. म्हणजे ती पार तळाला गेलेली.

त्याने इन्व्हर्टर बाजूलाच केला. आणलेल्या दोन बॅटऱ्या एकीला एक माळेत जोडल्या, बारा अधिक बारा चोवीस व्होल्ट झाले, आणि ते थेट यंत्रांना दिले. त्याची यंत्रं चोवीस व्होल्टवरच चालणारी आहेत. दोन वेगळ्या जातीच्या, वेगळ्या वयाच्या बॅटऱ्या अशा जोडू नयेत हे त्यालाही माहीत होतं. पण एका रात्रीपुरता प्रश्न होता. रात्री सव्वाअकराला अर्ज गेला. सकाळी दहालाही सगळं चालूच होतं. ओम्नी तेवढी धक्का मारून सुरू करावी लागली.

खरी गंमत इथून पुढे आहे. ओम्नीची जुनी, लहानशी बॅटरी बारा तास टिकली. आणि इन्व्हर्टरखालची दीडशे अँपिअर-अवरची भलीमोठी ट्युब्युलर बॅटरी, सहाच महिन्यांपूर्वी घेतलेली, पाच तासांत मान टाकत होती. चौदा महिन्यांतली ती दुसरी. दुकानदार म्हणे, बॅटरी नीट वापरली नाही, वॉरंटी मिळणार नाही. कर्जाचे हप्ते चालू, ग्राहक रोज शिव्या घालणार, आणि पुण्याच्या जुन्या कंपनीतून परत येण्याबद्दल विचारणा झालेली. "गणपतीपर्यंत बघतो, मग बंद करतो," असं तो मला त्या आठवड्यात म्हणाला होता. तसं झालं असतं तर त्या भागातली मुलं पुन्हा झाडावर चढली असती.

होय्तु आणि बंतु

टेकावरची अज्जी माहेरची बैलहोंगलकडची. लग्न होऊन या मराठी घरात आली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, पण लिहिणं-मोजणं अजून कन्नडमध्येच. नातवंडांशी मराठी, देवाशी आणि हिशेबाशी कन्नड. त्या मुलाला ती 'तम्मा' म्हणते आणि वर गेला की आधी "ऊटा आतेनपा?" विचारते, मग खांबाची चौकशी.

खांबाला वीज तिच्या मीटरवरून जाते. त्याबद्दल तो दरमहा तिला बिलाचे पैसे देतो. व्यवहार चोख असावा म्हणून अज्जीने पहिल्या महिन्यापासून एक वही घातली आहे. डाव्या रकान्यात करंट गेल्याची वेळ, तिथे 'होय्तु'. उजव्या रकान्यात आल्याची वेळ, तिथे 'बंतु'. रात्री दोनला आला तरी ती उठून लिहिते. म्हातारपणी झोप कुठे असते, असं तिचं म्हणणं. करंटच नव्हता तर बिल एवढं का आलं, हे विचारायला वही हवी, हा मूळ हेतू.

तो मुलगा मराठी शाळेत शिकलेला. कन्नड बोलतो फर्डं, वाचताना अडखळतो. वहीतलं अज्जीचं वळणदार अक्षर काही त्याला लागेना. एका रविवारी तो वही घेऊन आमच्याकडे आला. आमच्या घरी कन्नड वाचायचं खातं सौ.कडे आहे, कारण तिचं शिक्षणच त्या भाषेत झालं. ती वाचत गेली, तो लिहीत गेला, मी चहा केला.

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्याची बेरीज निघाली ती अशी: दिवसाच्या चोवीस तासांत वीज सरासरी साडेसहा तास. तेही तुकड्यातुकड्यांनी. पहाटे दोन तास, दुपारी पाऊण तास, असं. जंगलातून येणारी लाईन, दर दोन दिवसांनी कुठेतरी फांदी पडलेली. लाईनमन तरी बिचारे पावसात किती खांब चढणार?

मग सौ.ने जे केलं ते कुठलीही गृहिणी करते. तिने जमा आणि खर्च मांडला.

खांबावर दोन ताटल्या, तीन गावाकडे तोंड केलेली यंत्रं, आणि खाली पेटीत एक राउटर. एकेका यंत्राला आठेक वॉट लागतात, राउटरला दहा. एकूण पन्नास वॉट. घरातल्या एका पंख्यापेक्षाही कमी. मग एवढी मोठी बॅटरी संपते कशी? तर वीज जात होती ती अशा आडवाटेने: बॅटरीचे बारा व्होल्ट इन्व्हर्टर दोनशे तीस करतो, आणि त्यात एक हिस्सा उष्णतेत घालवतो. शिवाय इन्व्हर्टर जागा राहण्याचं स्वतःचं भाडं घेतो. पुढे प्रत्येक यंत्राचा अडॅप्टर त्या दोनशे तीसचे पुन्हा चोवीस करतो आणि आपला हिस्सा कापतो. बेळगावहून खानापूरला जायचं आणि वाटेत आधी गोकाकला जाऊन यायचं, तसा प्रकार. यंत्रांना पन्नास वॉट पोहोचवायला बॅटरीतून ऐंशीच्या आसपास निघत होते. म्हणजे जवळजवळ सात अँपिअर. वीज नसण्याचे साडेसतरा तास त्याने गुणले तर खर्च एकशे सतरा अँपिअर-अवर.

जमा किती? इन्व्हर्टरचा चार्जर दहा अँपिअरचा. साडेसहा तासांचे झाले पासष्ट. शिशाची बॅटरी घातलेलं सगळं परत देत नाही, म्हणून हातात पंचावन्न.

"पंचावन्न पगार आणि एकशे सतरा खर्च," सौ. म्हणाली, "हे घर चालणार कसं?"

बॅटरी खराब नव्हती. ती महिनोन् महिने अर्धपोटी होती. शिशाच्या बॅटरीचं एक आहे, ती उपाशी ठेवलेली सोसत नाही. रिकामी होऊन तशीच राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग पुढे कितीही चार्ज केली तरी तेवढा भाग कामाला येत नाही. निम्म्यापर्यंत वापरावी आणि पुन्हा काठोकाठ भरावी, तर ती वर्षानुवर्षं साथ देते. रोज तळ गाठला तर वर्षभरातच आटोपते. दुकानदाराचं बोलणं चूक नव्हतं म्हणायचं. फक्त 'नीट वापरणं' म्हणजे काय हे त्याने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

थेनी आणि धरमशाला

हे सगळं आपल्याच टेकावर घडतं असं मला आधी वाटत होतं. मग वाचताना कळलं की या विषयावर फार गंभीरपणे काम झालेलं आहे, आणि तेही आपल्याच देशात. तमिळनाडूत थेनी इथल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने आसपासच्या गावांतल्या तपासणी केंद्रांशी बिनतारी दुवे जोडले होते. खेड्यातल्या रुग्णाने केंद्रात बसायचं, आणि शहरातल्या डॉक्टरने पडद्यावर त्याचे डोळे तपासायचे. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे संशोधक त्यात होते. हिमाचलात धरमशालेजवळ 'एअरजलदी' नावाचं असंच जाळं डोंगराडोंगरांवर उभं राहिलं. या दोन्हींचा तीन वर्षांचा अनुभव त्या मंडळींनी २००८ मध्ये एका निबंधात मांडला. तोपर्यंत थेनीच्या जाळ्यावरून तीस हजारांहून अधिक ग्रामीण रुग्णांची तपासणी झाली होती.

त्या निबंधातली मला भावलेली गोष्ट म्हणजे त्यांची कबुली. लहरी दूरवर कशा न्यायच्या हे कोडं त्यांनी सोडवलं होतं. पण जाळं बंद पडायचं ते लहरींमुळे नव्हे, विजेमुळे. खेड्यातल्या वीजपुरवठ्यावर त्यांनी मोजमाप यंत्रं लावली, तर क्षणिक उसळ्या काही वेळा हजार व्होल्टपर्यंत गेलेल्या दिसल्या. आणि दुसरी अडचण कमी दाबाची. बॅटरी उतरत जाते तशी यंत्रं ना धड मरत, ना धड जगत. दिवा लागलेला दिसतो, पण आतून सगळं थिजलेलं. कुणीतरी जाऊन वीज तोडून पुन्हा जोडेपर्यंत ते तसंच. यावर त्यांनी एक साधी कळ बसवली. बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली गेला की सगळं स्वच्छपणे बंद, आणि पुरेसं चार्ज झाल्यावर आपोआप चालू.

आमच्या मुलाला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तो काही बोलला नाही. पाच मिनिटांनी म्हणाला, "सर, मी दर आठवड्याला वर जाऊन तेच करतोय की. बंद करून चालू."

ऑगस्टमधली दुरुस्ती

श्रावणात पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा त्याने कामं काढली. मीही एक दिवस वर गेलो. उपयोग शून्य, पण पकड-पाने हातात द्यायला माणूस लागतो.

पहिलं म्हणजे इन्व्हर्टर काढून टाकला. दीडशेच्या दोन नव्या सारख्या बॅटऱ्या एका माळेत जोडून चोवीस व्होल्ट केले आणि यंत्रं थेट त्यावर. आता पन्नास वॉट पोहोचवायला पंचावन्न पुरतात. बॅटऱ्या निम्म्यापर्यंतच वापरायच्या म्हटलं तरी दीड दिवसाच्या आसपास बेगमी झाली. चार्जर पंधरा अँपिअरचा घेतला, म्हणजे वीज आली की चार घास जास्त. लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या वजनाने कितीतरी हलक्या, ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरल्या तरी कुरकुरत नाहीत. टेकावर न्यायला तर वरदानच. ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे भरते. दोघांनी बांबूला बांधून, लग्नातली शिदोरी न्यावी तशी नेली. पण खिशाकडे पाहून या वेळी शिशाच्याच घेतल्या.

दुसरं, ती कमी दाबाची कळ. सव्वातेवीस-साडेतेवीस व्होल्टच्या दरम्यान तोडायचं आणि पंचवीसच्या वर गेल्याशिवाय जोडायचं नाही. हे अंतर मुद्दाम ठेवावं लागतं. नाहीतर भार काढताच बॅटरीचा दाब थोडा वर येतो, कळ फसते, जोडते, पुन्हा उतरतो, पुन्हा तोडते. रात्रभर हाच खेळ.

तिसरी गोष्ट वीज येतानाची. आपल्याकडे करंट गेल्याने जेवढं नुकसान होत नाही तेवढं तो येताना होतं. येतो, जातो, पुन्हा येतो, तिसऱ्यांदा स्थिरावतो. आणि लाईनचा न्यूट्रल कुठे तुटला असेल तर दोनशे तीसच्या जागी घरात चारशेच्या जवळपास घुसू शकतात. म्हणून जास्त किंवा कमी दाबाला तोडणारा आणि वीज आल्यावर तीन मिनिटं थांबून मगच जोडणारा एक छोटा डबा चार्जरच्या आधी बसवला. हा डबा घरच्या फ्रिजलाही लावण्याजोगा आहे.

चौथी अर्थिंग. इथे मात्र जरा थांबून सांगायला हवं. खानापूरच्या पश्चिमेला जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ओली गच्च, पण उन्हाळ्यात खडखडीत कोरडी. आणि कोरडा जांभा वीज सहजी जमिनीत जाऊ देत नाही. आता आपल्याकडे विजांचा कडकडाट सर्वांत जास्त कधी? एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवात. म्हणजे अर्थिंगची गरज सर्वांत जास्त असते नेमकी त्याच दिवसांत ती सर्वांत दुबळी असते. त्याची आधीची तीन यंत्रं वळवाच्याच विजांनी गेली होती, तीही थेट खांबावर वीज पडून नव्हे. दूर कुठेतरी पडलेल्या विजेचा झटका केबलमधून आला होता. आता कोळसा-मीठ घालून खोल खड्डा केला, खांब, पेटी आणि केबलच्या दोन्ही टोकांचे झटका-रोधक सगळे एकाच अर्थिंगला बांधले. वेगवेगळ्या अर्थिंगला बांधले तर झटक्याच्या क्षणी त्या दोघांमध्येच फरक पडतो आणि तो फरक यंत्रातून वाट काढतो. शिवरात्रीपासून मृगापर्यंत आठवड्याला दोन घागरी पाणी त्या खड्ड्यात घालायचं काम अज्जीने अंगावर घेतलं. तुळशीला घालते तसं त्यालाही, असं ती म्हणाली.

बाकी कामं किरकोळ पण चिवट. केबल पेटीत शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्यायचा, म्हणजे पाणी वळशाच्या तळातून ठिबकून जातं, आत जात नाही. पेटीच्या भोकांना बारीक जाळी, कारण उबेला पाल येऊन बसते आणि दोन तारांवर एकदम पाय ठेवते. आम्ही पेटी उघडली तेव्हा एक वाळलेली पाल आणि गांधीलमाशीचं मातीचं घर, दोन्ही निघाली. माकडं ताटलीला लोंबकळतात आणि तिचं तोंड फिरवतात. त्यासाठी दुहेरी पट्ट्या. समोरच्या टेकावरची आंब्याची एक फांदी छाटावी लागली. पावसाने नेट जातं असं लोक म्हणतात, पण पाच गिगाहर्ट्झच्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. ओली पानं अडवतात.

सौर पॅनेल लावावं की नाही यावर बराच खल झाला. एप्रिलमध्ये एक पॅनेल दोन टेकांना पुरेल. पण जुलैत, दिवसचे दिवस सूर्य न दिसणाऱ्या त्या भागात, पॅनेलच्या पाटीवर लिहिलेल्या क्षमतेच्या दहा-वीस टक्केच हाती येतं. गरज जुलैची आणि हिशेब एप्रिलचा, असं केलं की फसगत ठरलेली. शेवटी दोन पॅनेल लावली, मुख्य आधार म्हणून नाही, तर वीज नसलेल्या दिवशी बॅटरीच्या तोंडात चार दाणे पडावेत म्हणून.

आपल्या घरातलं

हे सगळं टेकावरचं झालं. पण या मुलाला येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून अधिक तक्रारी टेकावरच्या नसतातच. करंट जातो, घरातला राउटर बंद पडतो आणि माणूस फोन करतो: तुझं नेट गेलं! टेकावरचं चालू असतं. याच्याच भिंतीवरचा डबा झोपलेला असतो. राउटरला बहुधा बारा व्होल्ट आणि एखादा अँपिअर लागतो. त्यासाठी तळहाताएवढा छोटा यूपीएस मिळतो, तीन-चार तास चालतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि यूपीएसवरचे व्होल्ट जुळतात का तेवढं पाहावं. राउटर मिक्सरच्या किंवा पंपाच्या बोर्डावर लावू नये. आणि छतावरचं यंत्र वेगळं असेल तर त्याचाही अडॅप्टर त्याच यूपीएसवर चालेल का, हे बसवणाऱ्यालाच विचारावं. नुसता राउटर जागा ठेवून उपयोग नाही.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांना एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडे जागेची अडचण, म्हणून बॅटरी देवघराच्या खाली किंवा जिन्याखाली कोंडतात. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि वर समई तेवत असते. तिला हवा खेळती असलेली जागा द्या. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. बोअरचं नाही, नळाचं नाही, उकळून गार केलेलंही नाही, कारण उकळल्याने क्षार जात नाहीत. दोन-तीन महिन्यांनी पातळी बघावी, टोकांवरचं पांढरं-हिरवं साचलेलं पुसून व्हॅसलीनचा हात फिरवावा. आमच्या घरी ही जबाबदारी माझी होती आणि मी ती दीड वर्ष विसरलो होतो. अज्जीची वही वाचून झाल्यावर सौ.ने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर विसरलेलो नाही.

तो मुलगा पुण्याला गेला नाही. गणपतीत त्याच्या घरी गेलो तेव्हा तो विषयही निघाला नाही. आरास चालू होती, माळेचे दिवे लागत नव्हते, आणि गल्लीतली चार पोरं त्यालाच बोलवत होती. अर्ज भरलेल्या मुलीने पूर्वपरीक्षा दिली, निवड झाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा भरला, जुलैत शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, असं तिचे वडील हसत सांगत होते.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा टेकावर गेलो. पहिली वही भरली होती. अज्जीने दुसरी घातली होती आणि यात स्वतःहून तिसरा रकाना आखला होता: 'नेट'. सौ.ला दाखवायला मी त्या पानांचे फोटो काढले. जुलैच्या एका दिवशी 'होय्तु' पहाटे चारला आणि 'बंतु' रात्री अकराला, एकोणीस तास. तिसरा रकाना रिकामा. पुढची पानं उलटली. त्या सबंध महिन्यात तिसऱ्या रकान्यात दोनच नोंदी होत्या. एक मुख्य दुवा तुटल्याची. दुसरीपुढे अज्जीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. घरी आल्यावर सौ.ने वाचलं: धाकट्या नातवाने बटण बंद केलं, दोन फटके दिले.